ढाळवाले नाना

परभणीत बंगल्यापुढे हिरवळ राखायची म्हणजे काळ्या मातीशी वैर घ्यायचं. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन टम्म फुगते, चपलेला धरली की सोडत नाही. उन्हाळ्यात आटते आणि अशा भेगा पडतात की नातवाचा चेंडू गेला तो गेलाच. कापूस-ज्वारीला ती सख्खी माय; फरशी, कुंपण आणि बंगला यांना मात्र सावत्र.

त्यामुळे आमच्या वसाहतीत बहुतेकांनी प्लास्टिकचं गवत अंथरलं. बाजारातून गुंडाळी आणायची, मातीवर पसरायची, वर चार खुर्च्या मांडून फोटो काढायचा. पहिल्या मोठ्या पावसात त्याखाली डबकं साचतं, दसऱ्यापर्यंत कुबट वास सुटतो आणि पुढच्या मे महिन्यात गवताला टेंगळं येतात.

नानांनी असलं काही केलं नाही. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उभी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही पाटी त्यांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतलेली. निवृत्तीनंतर मात्र त्यांचा एकच ध्यास: आपल्या अंगणात पाणी अडायचंही नाही आणि जिरायचंही नाही, निमूट चालतं व्हायचं.

आधी त्यांनी दीड फूट काळी माती उपसून काढली. अख्ख्या गल्लीला वाटलं, हौद बांधतायत. मग मुरमाच्या ट्रॉल्या आल्या. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा थर. कंत्राटदार कंटाळून म्हणाला, "साहेब, वरून हिरवंच दिसायलंय ना? मग खाली एवढं कशाला?"

त्यावर त्याला भर उन्हात व्याख्यान मिळालं. काळ्या मातीतल्या कालव्यांचं अस्तर माती फुगली की उचकटायचं, मग आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक कट्टींनी मधे न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची युक्ती कशी सिद्ध केली, इथपासून सुरुवात. "कट्टी सरांनी कालवे वाचवले, आणि तू मला अंगण शिकवतोस?" कंत्राटदाराने मुकाट्याने आणखी एक ट्रॉली सांगितली.

मुरमावर जाड कापड, त्यावर भोकं पाडलेले पाइप, पाइपांवर खडी, खडीवर बारीक कच. ढाळ मीटरला दीड सेंटीमीटर. तो तपासायला नाना पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पोटावर आडवे झाले, एक डोळा मिटला आणि गवंड्याला ओरडले, "बुडबुडा काढ आधी!" कुणीतरी शोषखड्डा सुचवला, तेव्हा ते तसेच आडवे असताना कडाडले, "या मातीत शोषखड्डा? पाणी शोषणार कोण, तुमचे तीर्थरूप?" पाइपाचं तोंड त्यांनी थेट रस्त्याकडेच्या गटारात सोडलं.

सगळ्यात शेवटी, जवळजवळ नाइलाजाने, गवत अंथरलं.

आता नानांकडे गेलं की चहाआधी प्रात्यक्षिक होतं. लॉनच्या वरच्या टोकाला ते बादलीभर पाणी ओततात आणि पाहुण्याला हाताला धरून गटाराशी नेतात. दोघं वाकून पाइपाच्या तोंडाकडे बघत राहतात. आधी एक थेंब, मग दुसरा, मग करंगळीएवढी धार. "बघा!" नाना म्हणतात. अशा वेळी चुकून "गवत छान आहे हो" म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावणं येत नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये मुलीच्या लग्नापेक्षा पाइपांचे फोटो जास्त आहेत. काकूंचं म्हणणं थोडक्यात असतं: "लोक सोनं पुरतात, यांनी पेन्शन पुरली."

नातवाने लॉनवर हॉकीची काठी आणली, तर नाना त्यालाही सोडत नाहीत. 1976 साली मॉण्ट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर झाली आणि आपण सातवे आलो, हे ते अशा सुरात सांगतात, जणू त्या वेळी कुणी नानांचा सल्ला घेतला असता तर पदक ठरलेलंच होतं.

एका गोष्टीपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. मे महिन्यात दुपारी ते गवत तव्यासारखं तापतं, अनवाणी पाय ठेवण्याची सोय नाही. पाणी घालावं लागू नये म्हणून आणलेल्या गवताला नाना रोज पाच वाजता नळी लावून पाणी मारतात. दूधवाला सायकल थांबवून विचारतो, "नाना, उगवायलंय का?"

पावसाळ्यात वेगळंच संकट. नानांचं अंगण दहा मिनिटांत कोरडं, पण गटार तुंबलेलं, म्हणजे पाणी आलेल्या वाटेने परत यायच्या तयारीत. म्हणून आभाळ भरून आलं की नाना रेनकोट चढवतात, लांब काठी घेतात आणि कोपऱ्यापर्यंतचं गटार मोकळं करून येतात. पिशव्या, बाटल्या, कुणाचा तरी एक बूट. आमच्या गल्लीत यंदा पाणी तुंबलं नाही, त्याचं श्रेय नगरसेवकाने फलकावर स्वतःच्या फोटोसह घेतलं. नानांना त्याचं काही वाटलं नाही. फलक थोडा तिरका लागलाय, एवढंच त्यांनी नोंदवलं.

त्यांचा खरा राग रस्त्यावर आहे. "रस्त्याला ढाळच नाही!" महानगरपालिकेला त्यांनी मोजमापांसह अर्ज दिला. उत्तर आलं नाही, तेव्हा स्मरणपत्र दिलं. दुसऱ्या स्मरणपत्राखाली त्यांनी अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष पाहणीचं सविनय निमंत्रणही दिलंय: 'कृपया पाऊस पडत असताना यावे. बादली आमच्याकडे आहेच.'