भाऊंचा स्लो

बेलापुरात रस्त्याने जाणाऱ्याला भाऊ हाक मारतात ती चहासाठी नव्हे. "ऐक," म्हणतात. ऐकायचं असतं अंगणातल्या एस्टीमचं इंजिन. ऐकणाऱ्याला कालच्यात आणि आजच्यात काडीचा फरक कळत नाही, पण "आता बरंय" म्हणून सुटका करून घ्यायची गावाला सवय झाली आहे.

गाडी पळवणं कुणालाही जमतं, उभी चालवून दाखवा, असं भाऊंचं मत. एस्टीमचं तेराशे सीसीचं इंजिन रॅलीवाल्यांचं एके काळचं लाडकं, त्यामुळे त्यात रेसचा कॅम घालणारे भाऊ काही पहिले नाहीत. कॅम घालून स्लोवरच, म्हणजे उभ्या गाडीच्या संथ फेऱ्यांवरच, मुक्काम ठोकणारे मात्र बहुधा एकटेच. इंजिनात असा फेरफार करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, आणि मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम भाऊंना पाठ आहे. मंजुरी नाही म्हणून गाडी रस्त्यावर नाही. एमएच-17 ची पाटी तुळशीकडे तोंड करून उभी. कायदा पाळण्यातून इतकं सुख काढणारा नागरिक श्रीरामपूर तालुक्यात दुसरा नसेल.

कंपनीने दिलेला स्लो मिनिटाला साधारण 800-850 फेऱ्यांचा. रेसचा कॅम बसला आणि तो गेला. "दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात," भाऊ समजावतात. "लग्नाच्या मांडवासारखं. जेवून निघालेलेच परत पंगतीत!" म्हणजे जळालेला धूर पुन्हा इनटेकमध्ये. सहा हजारांवर रेटारेटीत हे खपून जातं. स्लोला व्हॅक्यूम पडतो, तो मोजणारा मॅप सेन्सर भांबावतो आणि काटा 700 ते 1500 येरझारा घालतो. त्यात सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर चहाडखोर. न जळता निसटलेली हवा हुंगून तो पेट्रोल कमी पडतंय म्हणून कळवतो, इंजिनाचा मेंदू म्हणजे ईसीयू, तो बिचारा आणखी ओततो, प्लग काळे.

नवा सेन्सर मागवावा तर कुरिअर आधी नवी मुंबईच्या बेलापूरचं दर्शन घेऊन येतं. आमचं रेल्वे स्टेशनही नावाने बेलापूर, उभं श्रीरामपुरात. ज्या गावाला स्वतःचं नाव एका जागी ठेवता आलं नाही, तिथे स्थिरतेचं वेड लागलेला माणूस निपजावा!

गळिताचा हंगाम हा भाऊंचा वैरी. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून ट्रॅक्टर जातात, इंजिनचं बारीक ऐकू येत नाही. कधी एखादा ट्रॅक्टर दारातच थांबतो, ड्रायव्हर टपरीवर, इंजिन चालूच. फिल्टर कधी साफ केला देव जाणे, पण ठोका एक चुकत नाही. भाऊ तिकडे पाठ करतात. "डिझेल आहे ते. गव्हर्नर सांभाळतो त्याला. त्यात कसलं कर्तृत्व?"

घरात मिक्सर लावायचा तर वहिनी आधी खिडकीतून विचारतात, "झालं का तुमचं ऐकून?" चटणी बहुतेक वेळा पाट्यावरच होते.

शेवटी यंदा जमलं. भाऊंनी 800 चा हट्ट सोडला, 1050 धरले. स्लोला ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं बंद केलं. थ्रॉटलची फट किंचित वाढवली. काटा पडायला लागला की ठिणगी जरा आधी, चढायला लागला की जरा उशिरा, अशी लॅपटॉपवर सोय केली. रेडिएटरचा पंखा लागला, हेडलाइट लावले, एसी लावला, काटा जागचा हलेना. मग भाऊंनी इंजिनवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही.

"तो पेला देवाचा आहे," वहिनी म्हणाल्या.

श्रीरामपूरहून एक पोरगा खास बघायला आला. टोकदार बूट, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू. बराच वेळ कान लावून उभा राहिला, मग त्याचा चेहरा पडला.

"भाऊ, रेसचा कॅम आहे म्हणाले होते. ही तर साधीच वाटतीये. जरा डुगडुगायला नको का? लोकांना कळणार कसं?"

भाऊंनी बॉनेट खाली घेतलं. "डुगडुगायचीच हौस असेल तर कॅमला पैसे कशाला घालतोस? प्लगची एक वायर उपसून ठेव."

पोराने मोबाइल पुढे केला. "कितव्या सिलेंडरची, भाऊ?"