अण्णांच्या गाडीतला पिवळा दिवा

"वहिनी, कुकर बंद करून या जरा भिंतीपाशी. समोरच्या अण्णांची गाडी हललेली नाही, पाहिलंत?"

"पाहिलं की! आमचे हे म्हणत होते, इंजिन बसलं."

"कुठलं बसतंय! स्पीडोमीटरपाशी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, एवढंच. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. वॉचमन म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ. साडूंनी तर सांगितलं, बॅटरीची वायर काढून परत लावा, दिवा जातो."

"जातो का?"

"जातो हो, पण नुसती तक्रार पुसली जाते, बिघाड जागच्या जागी. गॅरेजवाल्याने फोनवरच निकाल दिला, सेन्सर गेला, नवा टाकू."

"गाडी न बघताच?"

"न बघताच! शेवटी सूनबाई पुढे झाली. गाडी बीएस-सिक्स, २०२० नंतरची. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तिने तो छोटा स्कॅनर खोचला. मोबाइलवर आलं, पी ०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटतच नाही."

"मग प्लग बदलायचा, झालं!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणते, कोड दुखतंय कुठे ते सांगतो, औषध नाही सांगत. प्लग असेल, इग्निशन कॉइल असेल, इंजेक्टर असेल. मग इंजिन गार झाल्यावर तिने दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसला, गाडी उभ्या उभ्याच चालू केली. थोड्या वेळाने कोड आला पी ०३०३!"

"अगंबाई! म्हणजे कॉइल जिकडे गेली, तिकडे बिघाड गेला."

"बरोबर. दोष कॉइलचा. कोड दुसऱ्यावरच राहिला असता, तर मग प्लगची अदलाबदल करून बघणार होती. नवा सेन्सर टाकून काय उजेड पडला असता?"

"पण मग गाडी गॅरेजपर्यंत तरी न्यायची ना."

"दिवा नुसता लागून राहिला असता, तर बेताने नेली असती. हा लुकलुकत होता. तसं झालं की न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो तापून आतून वितळू शकतो. त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट! म्हणून तिने किल्लीच काढून ठेवली."

"आमचाही दिवा लागला होता पावसाळ्यात. उंदरांनी वायर कुरतडली होती मेल्यांनी."

"बघा, दिवा तोच, कारण भलतंच! म्हणून आधी कोड वाचायचा, मग पाकीट उघडायचं."

"आणि अण्णा काय म्हणतात?"

"अण्णा सकाळपासून दूधवाल्याला, पेपरवाल्याला सांगत सुटलेत, बिघाड मीच शोधला म्हणून."

"सूनबाई गप्प?"

"गप्प कसली! म्हणाली, बिघाड बाबांनी शोधलाय, तेव्हा कॉइलचे पैसेही बाबाच देतील."