लोणारला होडी नाही

शुक्रवार उजाडला की ज्याचं गाव तळ्याकाठी आहे अशा सहकाऱ्याबद्दल पुण्यातल्या ऑफिसांत एकदम जिव्हाळा दाटून येतो. कोल्हापूरकराची अब्रू रंकाळा राखतो, सावंतवाडीकराची मोती तलाव. पंचाईत होते ती बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारकराची. त्याच्या गावाला तळं आहे, पण ते तळ्यासारखं वागत नाही.

रात्रभर गाडी हाणून आलेले पाहुणे शनिवारी सकाळी कड्यावर उभे राहतात. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, आत उतरत गेलेली झाडी, तळाशी हिरवट पाणी. उल्का आदळून बेसाल्ट खडकात इतकं सुबक विवर जगात क्वचितच झालं आहे, आणि बेसाल्ट चंद्रावरही असल्यामुळे शास्त्रज्ञ चंद्राच्या अभ्यासासाठी लोणारला येतात. पाहुणे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "बोटिंग कुठेय?"

बोटिंग नाही. कणीस भाजणारा नाही, घोडा नाही. खाली उतरायला दमछाक करणारी वाट आहे आणि उतरल्यावर स्वागताला सडक्या अंड्यांचा वास आहे. "खारं पाणी हाय ते, वास येईनच ना बाप्पा!" असं लोणारकर मित्राच्या आईनं घरून निघतानाच बजावलेलं असतं. पण पाहुण्यांचं लक्ष तेव्हा ठेच्याकडे होतं.

पाहुण्यांची दुसरी मागणी गुलाबी रंगाची. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी खरोखरच गुलाबी झालं होतं. पाणी आटलं, खारेपणा वाढला, आणि खाऱ्या पाण्यात मजेत राहणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी रंग उधळला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं. तळ्याचा मुहूर्त मात्र चुकला. सारा देश घरात कोंडलेला असताना ते नटलं आणि पाहुणे यायच्या आत पुन्हा हिरवं होऊन बसलं. आता प्रत्येक पाहुणा फोनमधला तो फोटो समोरच्या पाण्याशी ताडून बघतो आणि मित्राकडे अशा नजरेनं पाहतो, जणू यानंच रंग धुऊन टाकला.

मित्र कसलेला आहे. तो खिशातून हळदीची पुडी काढतो, बाटलीच्या झाकणात तळ्याचं पाणी घेतो आणि चिमूटभर हळद टाकतो. पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, तेव्हा हळद क्षणात लालभडक. पाहुणे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. तो लाखो वर्षांचा खड्डा चौकटीत कुठेच नसतो.

लाखो की हजारो, यावरही वाद आहेच. आधीच्या एका मापनात विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, पुढच्या मापनात सुमारे ५ लाख ७० हजार. पाहुणा म्हणतो, "आधी तुमचं नक्की ठरवा." मित्र खजील होतो, जणू जन्मदाखला त्याच्याच कपाटातून हरवला आहे. त्यात १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं तळ्याची नोंद केली आणि त्याचा 'शोध' लागला. त्याआधी कित्येक शतकं गावात कोरीव दैत्यसूदन मंदिर उभं होतं, 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख होता आणि गोमुखाच्या गोड धारेखाली यात्रेकरू अंघोळी करत होते. पण तळं सापडायचं राहिलंच होतं म्हणे.

मानमरातबाला मात्र तोटा नाही. भूवारसा स्मारक झालं, अभयारण्य झालं, नोव्हेंबर २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. अलीकडे पाणी उलट इतकं वाढलं की काठच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत पोचलं. ते का वाढलं आणि गोड पाण्यानं या खाऱ्या तळ्याचं काय होणार, ही काळजी मित्र बोलून दाखवतो. एवढ्यात कुणीतरी विचारतं, "इथून शेगाव किती लांब? कचोरी घ्यायचीय."

रविवारी दुपारी ओसरीवर विकासाचा आराखडा तयार होतो. बोटिंग हवंच. कड्यावरून काचेचा पूल. रोज संध्याकाळी सातला लेझर शोमध्ये उल्का पडेल, तिकीट दोनशे.

मित्राचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते सुपारी कातरत शांतपणे सांगतात, "पाण्यात होडी सोडायची तर वन खातं, देवळाजवळ खांब रोवायचा तर पुरातत्त्व खातं, गावात तिकीटघर बांधायचं तर नगरपरिषद."

"मग काका, काहीच होणार नाही का?"

"होईल ना. पहिली उल्का कोणालाही न विचारता पडली, म्हणून तर एवढं काम झालं."