आधी घरातल्या ढ माणसाला विचारा

फ्रान्समध्ये स्कीइंगला कुठे जायचं, हे घरातला सगळ्यात पटाईत माणूस ठरवतो. सुट्टीची वाट तिथेच लागते.

पटाईताचं बोट हमखास शामोनीवर. १९२४ची पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा तिथली, डोक्यावर माँ ब्लाँ, शिवाय व्हॅले ब्लाँश ही सुमारे २० किलोमीटरची स्कीची वाट. थाट मोठाच! पण इथले सगळे डोंगर लिफ्टनं जोडलेले नाहीत. बाबा ग्राँ माँतेला, नवशिकी आई ल तूरला, चिरंजीव बसथांब्यावर. भेट रात्री जेवताना.

मग व्हाल दिझेर. जुनं चर्च, दगडी घरं, सगळं देखणं. फ्रान्समध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत उतारांचे रंग हिरवा, निळा, लाल, काळा. पण रंग ठरतो जिथला तिथे. इथल्या काही निळ्या उतारांना दुसरीकडे खुशाल लाल म्हणतील. नवशिक्यानं संध्याकाळी हिरोगिरी न करता सरळ लिफ्टनं खाली यावं.

आणि हो, ‘पारंपरिक गावच हवं’ हा हट्ट. ही गावं गाईगुरांच्या सोयीनं वसली, तुमच्या नव्हे. कडक बूट घालून, खांद्यावर स्की टाकून, निसरड्या रस्त्यानं लिफ्टपर्यंत खुरडत जायचं; मागच्याला स्कीचं टोक लागलं की फ्रेंच भाषेचा पहिला धडा फुकट. शिवाय बरीच गावं हजार-अकराशे मीटरवर, म्हणजे उबदार हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस. स्कीसाठी मुद्दाम बांधलेल्या ले मनुईरच्या काँक्रीटच्या खोक्यांना नावं ठेवा, पण तिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की बर्फ.

मजेव्ह? एका रोथ्सचाइल्ड बॅरोनेसनं सेंट मॉरिट्झला टक्कर द्यायला वाढवलेलं. झाडीतले सौम्य उतार मध्यम स्कीवाल्याला स्वर्ग. पटाईत लवकर कंटाळतो. बिलाचा उतार मात्र काळाच.

सगळे एकत्र जाणार असाल तर माझं मत ले जे गावाला. नवशिक्यांसाठी गावाच्या वर शाव्हानचं पठार, मधल्यांसाठी शेजारच्या मोर्झीनपर्यंतची झाडी. आणि पटाईताला मोर्झीन ओलांडून स्वित्झर्लंडच्या हद्दीवरच्या शाव्हानेतच्या कड्यावर धाडून द्या, दुपारपर्यंत घरात शांतता. फक्त फेब्रुवारीतल्या फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या टाळा. नाहीतर सगळ्यांच्या वाट्याला एकच उतार येईल, लिफ्टच्या रांगेचा.