बिनवासाचा माणूस

भारतातून आलेल्या पाहुण्यांना हर्शीची चॉकलेटं दाखवायला नेणं हा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचा कुलाचार आहे. त्याच वाटेवर, इंटरस्टेट ७८ ला लागून, पेनसिल्व्हेनियातल्या हॅम्बर्ग गावी कबेलाज हे शिकारीच्या सामानाचं दुकान आहे, ही तमाम नवरेमंडळींवर झालेली ईश्वरी कृपा. "जरा पाय मोकळे करू या," म्हणून गाडी तिकडे वळवायची. पाय मोकळे करायला आत सुमारे अडीच लाख चौरस फूट जागा मिळते. मधोमध चक्क डोंगर, त्यावर पेंढा भरलेली हरणं नि अस्वलं, काचेमागे पोहणारे मासे, आणि या सगळ्यांना मारायची साधनं त्यांच्याच डोळ्यांदेखत किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडलेली.

माझ्या हातून आजवर मेलेल्या जिवांत डास वगळले तर एक पाल येते, आणि तीही दारात चेंगरली. तरी त्या दुकानात शिरलं की माझी चाल बदलते. बायको म्हणते, "काखेत गळू झाल्यासारखे काय चालताय?" तिला सांगून उपयोग नसतो. आसपास सहा फुटी, दाढीवाले, चिखलाचे बूट घातलेले बाप्ये असताना दोन्ही हात अंगाला चिकटवून, भाजी आणायला निघाल्यासारखं चालता येत नाही.

या दुकानाची जन्मकथा मात्र पुण्याच्या तुळशीबागेत शोभावी अशी आहे. १९६१ साली डिक कबेला नावाच्या माणसाने मासे पकडायच्या गळाला लावायच्या खोट्या माश्या घेतल्या आणि वायोमिंगमधल्या कॅस्परच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली : एका डॉलरला बारा माश्या. उत्तर आलं एक. मग त्याने जाहिरात बदलली. पाच माश्या मोफत, टपालखर्चाचे फक्त पंचवीस सेंट पाठवा. ऑर्डरी धो धो. माणसाची नस अशी सापडलेल्या या कंपनीला २०१७ साली बॅस प्रो शॉप्सने गिळलं. त्या कंपनीचा मालक जॉनी मॉरिस १९७२ साली वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात गळ नि आमिषं विकत होता. म्हणजे दोन्हीकडचा धंदा मुळात आमिषाचा. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी कॅमोफ्लाजचं जाकीट मी पूर्ण किमतीला घेतलं.

जाकीट पाहण्यासारखं आहे. ओकची पानं, साल, काटक्या, सगळं इतकं हुबेहूब छापलेलं की जंगलात घालणारा दिसेनासा व्हावा. आरशात मी पाहिलं, तर बाकी सगळा झाडीत विरघळला होता, पोट तेवढं बाहेर राहिलं होतं. खिसे इतके, की घरी आल्यावर गाडीची किल्ली शोधायला अख्ख्या कुटुंबाने झडती घ्यावी. एवढं झाल्यावर विक्रेत्याने भडक नारिंगी बंडी नि टोपी पुढे केली. पेनसिल्व्हेनियात रायफलने हरणं मारायच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच नारिंगी रंग अंगावर दिसलाच पाहिजे, असा कायदा आहे. हरणाला तो नारिंगी उठून दिसत नाही, माणसाला दिसतो. दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये म्हणून ही तजवीज. "म्हणजे आधी पानं घ्यायची आणि वरून ती झाकायची?" बायकोने विचारलं. "मग पानं कुणासाठी?"

आरशासाठी. पण तसं म्हणता आलं नाही.

आता वासाचं. हा विषय मला इतका प्रिय आहे की बंदुकांकडे वळायच्या आधी मी त्या ओळीत किती वेळ काढतो ते घरच्यांनाच विचारा. हरणाला रंग बेताचा दिसतो, पण नाक भारी. त्यामुळे शिकाऱ्याचं सगळं आयुष्य स्वतःचा वास मारण्यात जातं. बिनवासाचा साबण, बिनवासाचा शांपू, बिनवासाचं डिओडरंट, कपडे धुवायला बिनवासाची पावडर. धुतलेले कपडे ठेवायला घट्ट झाकणाची पेटी. कपड्यांवर मारायचा फवारा वेगळा, बुटांचा वेगळा. कार्बनचं अस्तर असलेली जाकिटं, म्हणजे घाम आला तरी तो आतल्या आत गिळावा. तोंडाचा वास मारणारं च्युइंग गम. माणूस इतका निर्गंध झाला की मग त्याला नवा वास द्यायचा. ओल्या मातीच्या वासाच्या चकत्या मिळतात. ओकच्या फळांच्या वासाच्या मिळतात. कोल्ह्याचं मूत मिळतं, ते बुटांना लावायचं. आणि सर्वांत मानाच्या फळीवर, इवल्याशा बाटल्यांत, माजावर आलेल्या हरिणीचं मूत. हरणांतल्या एका जीवघेण्या रोगामुळे काही ठिकाणी खऱ्या मुतावर बंदी आहे. तिथे प्रयोगशाळेत बनवलेलं नकली वापरायचं. नकली मुतावर 'अस्सलपेक्षा सरस' असं लिहिलेलं पाहिलं, तेव्हा माझी या देशावरची श्रद्धा पुन्हा दृढ झाली.

मी मनातल्या मनात हिशोब मांडतो. समजा, मी ही सगळी आयुधं लावून पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या झाडावर मचाण बांधून बसलो. आदल्या रात्री घरात लसणीची फोडणी झालेली. हिंग तर आमच्या भिंतींत मुरलाय. उद्या घर विकलं तर तो कागदपत्रांत जमेस धरावा लागेल. तीन डोंगर पलीकडचं हरीण नाक वर करील आणि आपल्या कळपाला सांगेल, "चला, एडिसनहून कुणीतरी आलंय. आज आमटी केलीय त्यांच्याकडे."

माझी आई इथे आली होती तेव्हा तिला मी हा विभाग मोठ्या कौतुकाने दाखवला. आई राजापूरकडची. सुके बोंबील भाजताना ज्या घरात धूर होत नाही, ते घर तिच्या मते भाड्याचं. तिने एक एक बाटली हातात घेऊन मला वाचायला लावली. हरिणीच्या बाटलीपाशी तिने पदर नाकाला लावला आणि हसली. मग साबणापाशी थांबली.

"ह्यानं माणसाचा वास जातो?"

"हो. अजिबात येत नाही."

"मग हा मला आधी का नाही आणून दिलास? मी फोडणी टाकली की तू खिडक्या उघडत फिरतोस. आणि ते कोट सगळे मोटारीच्या डिकीत नेऊन ठेवतोस."

ती कुरकुर करत नव्हती. सहज बोलली, साबण जागेवर ठेवला आणि पुढे गेली. मी तिथेच उभा.

इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. फोडणीआधी कोट कपाटात कोंडायचे, बेडरूमची दारं लावायची, मासे तळायचे तर गॅरेजमध्ये शेगडी. सुरुवातीच्या एका भाड्याच्या घरात मालकाने विचारलं होतं, "तुम्ही फार स्वयंपाक करता का?" प्रश्नात काही वाईट नव्हतं, फक्त उत्तर देताना माझ्या तोंडून "नाही, फारसा नाही" असं निघालं, आणि तेव्हा आई तिकडे माझ्यासाठी मसाला कुटून पार्सलात भरत होती. ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणी नुसतं नाक चोळलं तरी मी अजून स्वतःची बाही हुंगतो. राग कुणावर काढावा कळत नाही. शिकारी निदान वर्षातून काही आठवडे, तेही हौसेने, पैसे देऊन बिनवासाचे होतात. आणि त्यांच्यापुढे असतात ती हरणं.

बरं, बंदुका.

बंदुकांचा काउंटर दुकानाच्या मागच्या अंगाला, लांबच लांब. भिंतीवर उभ्या रायफली, काचेखाली पिस्तुलं. रेमिंग्टनची ८७० ही पंप शॉटगन १९५० पासून निघतेय. तिची नळीखालची मूठ पुढे-मागे करताना जो खटका-खटका आवाज होतो तो ऐकण्यासाठीच अर्धे लोक येतात. लहान मुलींसाठी गुलाबी दस्त्याच्या पॉइंट टू-टू रायफलीही निघतात. त्या भागात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कित्येक शाळांना हरणांच्या शिकारीसाठी सुटी असायची, म्हणजे मुलांनी बापाबरोबर रानात जावं. आमच्याकडे गणपतीला असते तशी.

काउंटरमागच्या म्हाताऱ्याने आपुलकीने विचारलं, काय हवंय? मला काहीच नको होतं. पण जाकिटाची इभ्रत राखायला हवी होती. "माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं मी फार मागासलेली गोष्ट सांगतोय. पण पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून खास चकमकीच्या ठासणीच्या बंदुकांचा हंगाम असतो. जवळच्या लँकेस्टरच्या आसपास अठराव्या शतकात जर्मन कारागीर लांब नळीच्या रायफली घडवायचे. तो अभिमान अजून जिवंत आहे. त्याने मला थेट त्या विभागात नेलं. दारूचं शिंग, शिशाच्या गोळ्या, तेलात भिजवलेल्या चिंध्या, ठासायचा गज. आणि सुरू झाला : चकमकीची की केपाची? दारू किती ग्रेन? नळी आतून गुळगुळीत की आटे पाडलेली? मोठ्यात मोठं जनावर कोणतं मारलं?

"रानडुक्कर," मी म्हणालो.

खरी हकिकत अशी. आजोबांचा परवाना शेतीसंरक्षणाचा. बंदूक डुकरांसाठी घेतलेली, पण उडवली गेली ती माडावरच्या माकडांवर, आणि तीही हवेत. दारू ठासून, चिंधी कोंबून, छर्रे घालून, केप बसवून होईपर्यंत माकडं शहाळी संपवून शेजाऱ्याच्या आगरात गेलेली असायची. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आधी लोकसभा, मग विधानसभा, मग जिल्हा परिषद, मग ग्रामपंचायत. पंचक्रोशीतल्या एकाही गुन्हेगाराने ठाण्यात इतकी वर्षं काढली नसतील. आजोबा पावती मात्र देव्हाऱ्यात ठेवायचे.

म्हाताऱ्याने आदराने मान डोलावली आणि माझं लायसन्स मागितलं. ते पाहून त्याचा स्वर एकदम सांत्वनाचा झाला. "ओ. न्यू जर्सी." आमच्या राज्यात साधी रायफल घ्यायलाही आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं. बोटांचे ठसे आणि नात्याबाहेरच्या दोन माणसांची साक्ष, की हा गृहस्थ भला आहे. मी मराठी मंडळातली माणसं डोळ्यांपुढे आणली. एकाचं नाटकातलं काम मी कापलं होतं. दुसऱ्याच्या बायकोच्या उकडीच्या मोदकांविषयी मी काही बोललो होतो. माझ्या हाती बंदूक द्यावी अशी साक्ष यांतला कोण देणार? आणि दिलीच, तर कोणत्या हेतूने?

त्या मानाने केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म आमच्यासारख्यांना सोपा. तुम्ही फरारी आहात का? गांजा ओढता का? ज्याने व्हिसाच्या अर्जावर 'आपण हेरगिरी करायला येत आहात का' याला 'नाही' म्हटलंय आणि नागरिकत्वाच्या अर्जावर आपण अट्टल दारुडे नसल्याचं कबूल केलंय, त्याचा हात अशा फॉर्मवर सराईतपणे फिरतो. एक गंमत आहे. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेता येत नाही. पण शिकारीचा परवाना काढला तर येते. ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे झालेल्या आमच्या एका मित्राने हे ऐकून विचारलं, "म्हणजे हरीण मारायला तयार असलो की यांचा आपल्यावर विश्वास बसतो?"

तो थट्टेतच म्हणाला. पण २०१७च्या फेब्रुवारीत त्यानेच पिस्तुलांचे भाव काढले होते. कॅन्सासमधल्या ओलेथा गावी संध्याकाळी बारमध्ये बसलेल्या दोन भारतीय इंजिनिअरांवर एकाने, माझ्या देशातून चालते व्हा म्हणत, गोळ्या झाडल्या. एक गेला. मध्ये पडलेला एक अमेरिकन तरुण गोळी खाऊन वाचला. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर, ज्यांनी ढेकूणही दुसऱ्याकडून मारवले, ते लोक नऊ एमएम वगैरे बोलू लागले. मीही घरी विषय काढला. बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वेळेवर सापडायला हवी ना ती. चष्मा सापडत नाही तुम्हाला." आणि त्या रात्री दाराची कडी तिने दोनदा पाहिली.

तर बंदूक नाही घेतली. मांस सुकवायचं विजेचं यंत्र घेतलं. पुस्तिकेत हरणाच्या जर्कीच्या कृती आहेत. आमच्याकडे त्यात सांडगी मिरची होते. गच्ची नसलेल्या देशात याहून उपयोगाचं हत्यार मला त्या दुकानात दिसलेलं नाही.

आणि हरणं? ती आमच्याकडे येतात. न्यू जर्सीची हरणं रानात कमी, परसात जास्त. टोमॅटो, घेवडा, फुलझाडं, काही ठेवत नाहीत. बाजारात त्यांना पळवायचे फवारे मिळतात. एकदा बाटलीवरचा मजकूर वाचला : सडक्या अंड्यांचा अर्क आणि लसूण. बायकोने बाटली जागेवर ठेवली, घरी येऊन दोन गड्डे लसूण वाटली, त्यात हिंग कालवला आणि कुंपणावर शिंपडलं. आमचा घेवडा उभा राहिला. हरणं शेजाऱ्याकडे वळली.

शेजारी अस्सल शिकारी. शरदात धनुष्यबाण घेऊन, बिनवासाच्या साबणाने न्हाऊन रानात जातो. तो कुंपणाशी आला आणि हे काय आहे, किती घालता, म्हणून विचारू लागला.

"अंदाजाने," बायको म्हणाली. त्याने ते फोनवर टिपून घेतलं.

"शिकारीचे कपडे मात्र हिंगाच्या डबीपासून लांब ठेव," मी जाणकाराच्या थाटात सुचवलं. "आमच्या घराण्यात हे आजोबांपासून चालत आलंय."

"आजोबा शिकारी होते?"

"ठासणीची होती त्यांच्याकडे," मी म्हणालो.