रेघ सगळ्यांनाच दिसते

सकाळी सव्वानऊच्या ठोक्याला मोबाईलवर निफ्टीचा पाच मिनिटांचा चार्ट उघडणाऱ्या बोर्ली पंचतनच्या पोरांशी मला आज भांडायचं आहे.

चार्ट खोटा नसतो. भाव कुठे अडला, कुठे सावरला, व्हॉल्यूम कधी वाढला, हा झाल्या गोष्टींचा हिशेब तो चोख ठेवतो. पण 200 दिवसांची सरासरी म्हणजे गेल्या 200 दिवसांच्या बंद भावांची बेरीज भागिले 200. आरएसआयसुद्धा मागच्या चढउतारांवरूनच निघतो. यात उद्याचा एकही आकडा नाही.

3 जून 2024 आठवा. लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी उच्चांकावर गेला, चार्टवर ब्रेकआऊट लख्ख दिसत होता. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि तोच निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला. मतदान यंत्रात काय आहे, हे कॅंडलला कुठून कळणार? त्याच आठवड्यात तो परत वर आला. स्टॉपलॉस उडालेला माणूस तोट्यात गेला आणि चढही त्याच्या हातून निसटला.

कुणी म्हणेल, वादळाचा अंदाजही निरीक्षणांवरूनच बांधतात. ‘निसर्ग’चा इशारा आधी मिळाला होता आणि 3 जून 2020 ला ते आपल्याच किनाऱ्यावर आलं. खरं आहे. पण वारा हवामान खात्याचं पत्रक वाचून दिशा बदलत नाही. बाजार बदलतो. तुम्ही आखलेली सपोर्टची रेघ लाखो जणांना दिसते. तिच्या जरा खाली सगळ्यांचे स्टॉपलॉस असणार, हा अंदाज समोरच्या संगणकालाही बांधता येतो.

तो संगणक किती कमावतो, ते बाजार नियामक सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये छापलं आहे. 2023-24 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे 33 हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे 28 हजार कोटी रुपये ढोबळ नफा कमावला. त्यातला 95 टक्क्यांहून जास्त नफा अल्गोरिदमचा. आणि 2021-22 पासूनच्या तीन वर्षांत शंभरातले 93 सामान्य ट्रेडर तोट्यात. त्यांनी मिळून 1.8 लाख कोटींहून जास्त घालवले.

तरीही क्लास भरतात. आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला केंद्र असलेल्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीवर सेबीने डिसेंबर 2025 मध्ये आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला दिल्याचा ठपका आणि सुमारे 546 कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश. आदेश अंतरिम आहे, हे मान्य. पण शिकवणीतून एवढा पैसा गोळा होऊ शकतो, हे आपल्या डोळ्यांत खुपायला हवं.

चार्ट वापरायचाच असेल, तर कंपनीचा ताळेबंद वाचून निवडलेला शेअर कितीला घ्यायचा आणि किती तोट्यावर सोडायचा, एवढ्यापुरता वापरा. आठवड्याच्या एक्स्पायरीवर वाडीतल्या सुपारीचे पैसे लावू नका. वादळात मोडलेल्या वाडीत नवी पोफळ लावली, तर ती धरायला पाच-सहा वर्षं घेते. घरच्यांनी ती वाट पाहिली आहे.

आणि क्लासच्या पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या सौद्यांच्या तीन वर्षांच्या काँट्रॅक्ट नोट्स मागा. एखाद्या दिवसाच्या नफ्याचा स्क्रीनशॉट चालणार नाही. दाखवल्या नाहीत, तर फी न भरता उठा आणि सरळ घरी या.