आठवी सळई

मोशीपासून चाकणपर्यंत उभ्या राहणाऱ्या बांधकामांवर बंदोबस्त चोख असतो. फाटकावर रजिस्टर, त्यात नाव, गाडीचा नंबर आणि ‘कामाचे स्वरूप’. पेन चोरीला जाऊ नये म्हणून सुतळीने टेबलाला बांधलेलं. मागून पत्रा वाकवून येणाऱ्यांसाठी मात्र रजिस्टर नाही, एवढीच काय ती त्रुटी.

कायद्याने या मंडळींचा अधिक आपुलकीने विचार केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, गुन्हा पहिलाच आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची.

आता हिशेब. १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांब सळई भरते सुमारे १०.६६ किलो. किलोला ६० रुपये धरले, तर एक सळई ६४० रुपयांची. सात उचलल्या तर समाजसेवा. आठवीला हात लावला की तुरुंगाची पायरी! अंधारात, घाईगडबडीत हे गणित कोणाला सुचणार? तेव्हा साइटच्या मागच्या बाजूला वजनकाटा आणि स्टीलच्या ताज्या भावाचा फलक लावणं हे बिल्डरचं कर्तव्यच ठरतं.

राहता राहिली समाजसेवा. तीही त्याच साइटवर, रात्रपाळीची राखण म्हणून करून घ्यावी. जागेची इतकी सखोल माहिती असलेला उमेदवार दुसरा मिळणार नाही. शिवाय पगाराची कटकट नाही: समाजसेवेला मोबदला मिळणार नाही, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.